वाढत्या मुलांना घेऊन अलास्काला

दिवाळीचा फराळ संपत आला की आपल्या घरांतून दोन विषय हटकून निघतात : एक लग्नाचा, दुसरा मे महिन्याचा. लग्नाचा विषय या सदराच्या कक्षेत येत नाही. मे महिन्याचा येतो. पूर्वी तो महाबळेश्वर की माथेरान एवढ्यावर मिटे. आता घरोघरी कुणाचा भाऊ, कुणाची नणंद अमेरिकेत असते. "एकदा या हो सगळे" हे दहा वर्षे ऐकून शेवटी तिकिटे काढायचे ठरते, आणि तिकडून निरोप येतो, "आलाच आहात तर अलास्काची क्रूझही करून टाकू."

ठाण्याच्या एका भगिनींनी नेमके हेच विचारले आहे. मुलगी सतरा वर्षांची, बारावी झाली की वसतिगृहात जाणार. मुलगा चौदाचा, तो हल्ली मान वर करून बोलत नाही. धाकटे दीर सिअ‍ॅटलला. "चौघांनी मिळून केलेली ही बहुधा शेवटचीच मोठी सहल," असे त्या लिहितात. यजमानांचा ओढा सर्वांत मोठ्या बोटीकडे आहे. कारण तिच्यावर घसरगुंड्या आहेत, मोटारींचे खेळ आहेत, मुले कंटाळणार नाहीत. तेव्हा बोट कोणती घ्यावी?

घसरगुंडी पाहून बोट घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. घसरगुंडी खोपोलीलाही मिळते. जी वस्तू खोपोलीला मिळत नाही तिच्यासाठी आपण पृथ्वीच्या पाठीवर एवढे लांब जात आहोत.

रशियाकडून १८६७ साली ७२ लाख डॉलरना विकत घेतलेला हा मुलूख १९५९ साली अमेरिकेचे राज्य झाला. क्रूझच्या बोटी जातात त्या त्याच्या आग्नेय पट्टीत. शेकडो बेटे, त्यांच्यामधून गेलेल्या अरुंद खाड्या, काठापर्यंत उतरलेले सदाहरित जंगल आणि वरून खाली सरकत आलेला बर्फ. या जंगलाला टोंगास म्हणतात. ते सुमारे १ कोटी ७० लाख एकरांचे आहे. राज्याची राजधानी जूनो, पण तिला बाहेरच्या जगाशी जोडणारा रस्ताच नाही. जायचे तर पाण्याने किंवा विमानाने. म्हणजे बोट ही येथे निव्वळ चैन नव्हे, तीच वाट आहे. म्हणून बोटीवर काय काय आहे यापेक्षा ती कोठे नेते आणि तेथे किती वेळ थांबते हे आधी पाहावे.

जाहिरातीत "हिमनदीदर्शन" असे मोघम छापलेले असते. कोणती हिमनदी, ते नाव विचारून घ्या. पहिली पसंती ग्लेशियर बे या राष्ट्रीय उद्यानाला द्यावी. तेथे दिवसाला दोनच क्रूझ बोटींना प्रवेश मिळतो, त्यामुळे सगळ्याच कंपन्यांच्या सगळ्याच फेऱ्या तेथे जात नाहीत. त्या दिवशी बोट कोठेही धक्क्याला लागत नाही. सकाळी उद्यानाचे रक्षक बोटीवर चढतात, आणि सारा दिवस दाखवत, सांगत असतात. १७९४ साली व्हँकूव्हरच्या मोहिमेतील लोकांनी पाहिले तेव्हा हा उपसागर जवळजवळ तोंडापर्यंत बर्फाने भरलेला होता. १८७९ साली जॉन म्यूर होडीने आला तेव्हा बर्फ चाळीस मैलांहून अधिक मागे गेलेला होता. आज बोट त्याच मोकळ्या झालेल्या पाण्यातून आत जाते आणि मार्जरी हिमनदीसमोर उभी राहते. पाण्यावर अडीचशे फूट उंच, मैलभर रुंद निळसर भिंत. बराच वेळ काहीच होत नाही. मग तोफेसारखा आवाज होतो, आणि आपण पाहतो तोवर बर्फाचा कडा पाण्यात पडून गेलेलाही असतो. चौदा वर्षांच्या मुलाला मान वर करायला लावण्याची ताकद असलीच तर या आवाजात आहे.

ग्लेशियर बेची फेरी नाही मिळाली, तर हबर्ड हिमनदी पाहावी. तिचे तोंड सहा मैल रुंद आहे. एंडिकॉट आर्म नावाची खाडीही सुरेख आहे. शेजारच्या ट्रेसी आर्ममध्ये मात्र ऑगस्ट २०२५ मध्ये डोंगराची मोठी दरड कोसळून प्रचंड लाट उसळली होती. तेव्हा ते नाव कार्यक्रमात दिसले तर बोट खरेच तेथे जाते की दुसरीकडे, हे विचारून घ्यावे.

आता निघायचे कोठून? दीर सिअ‍ॅटलला म्हणजे बोटही सिअ‍ॅटलचीच, हा हिशेब सोपा वाटतो. पण सिअ‍ॅटलच्या बोटी बहुधा व्हँकूव्हर बेटाच्या बाहेरून, उघड्या समुद्राने जातात. ज्यांना बोट लागते त्यांचे हाल होतात. कॅनडातील व्हँकूव्हरहून सुटणारी बोट बेटांच्या आडोशाने, शांत पाण्यातून जाते, आणि दोन्ही काठ दिसत राहतात. सिअ‍ॅटलहून तेथे मोटारीने तीन-चार तास लागतात. मी व्हँकूव्हरच पसंत करीन.

कॅनडाचा व्हिसा मात्र दोन्हीकडे चुकत नाही, आणि येथेच पुष्कळांची फसगत होते. १८८६ च्या एका अमेरिकी कायद्यामुळे परदेशी निशाणाच्या बोटीला अमेरिकेतून निघून वाटेत परदेशी बंदर न घेता अमेरिकेतच परतता येत नाही. आणि या मोठ्या बोटी बहुतेक साऱ्या परदेशी निशाणाच्याच. म्हणून सिअ‍ॅटलची बोटसुद्धा एका संध्याकाळी कॅनडातील व्हिक्टोरियाला लागते. भारतीय पासपोर्टवर कॅनडाचा व्हिसा स्वतंत्र काढावा लागतो. चौघांचाही काढा, लवकर काढा. आणि अमेरिकेचा व्हिसा पुन्हा आत येऊ देणारा आहे ना, तेही पाहून ठेवा.

दिवसांचे म्हणाल तर मे महिना आपल्या सोयीचा आणि त्या भागात पावसाला जरा कमी. तिकडच्या शाळा सुटतात जूनमध्ये, आपल्या उघडतात जूनच्या मध्यावर; चुलत भावंडांना एकत्र न्यायचे तर नेमका आठवडा शोधावा लागेल. माझ्या मते तेवढी खटपट करावी. त्या वयाच्या मुलांना आईबापांपेक्षा भावंडांची सोबत फार लवकर मोकळे करते. जूनमध्ये जूनोला रात्री दहापर्यंत उजेड असतो, हा आणखी एक फायदा.

खोलीवर फार पैसे घालू नयेत. चौघांना मिळून एक गॅलरीची खोली घेण्यापेक्षा आतल्या, बिनखिडकीच्या दोन खोल्या घ्या. सतरा वर्षांच्या मुलीला आठ दिवस बापाच्या घोरण्यात निजवणे हा काही आनंदाचा मार्ग नव्हे. उघडा डेक सर्वांचा असतो. गॅलरीतून एकच बाजू दिसते, डेकवरून दोन्ही. मोठ्या बोटींवर तेरा ते सतरा वर्षांच्या मुलांचा वेगळा क्लब असतो. संध्याकाळी जाऊ द्यावे, विचारपूस करू नये. इंटरनेटला निराळे पैसे पडतात. ते मुलांसाठी घेऊ नका असे सांगणारे पुष्कळ आहेत. मी म्हणते, मुलांच्या वडिलांसाठीही घेऊ नका.

यातून जे वाचेल ते बंदरांवर खर्च करावे. आणि येथे माझी एकच अट आहे : प्रत्येक मुलाने एका बंदराचा कार्यक्रम स्वतः निवडायचा, आणि मोठ्यांनी तो निमूटपणे पार पाडायचा. जूनोला देवमासे पाहायला होड्या जातात. हे कुबड्या देवमासे थंडीत हवाईच्या उबदार पाण्यात बाळंतपणे उरकून उन्हाळ्यात येथे चरायला येतात. चाळीस-पन्नास फुटांचे धूड शेपटी उलटी करून पाण्यात शिरते तेव्हा होडीतले सगळे गप्प होतात. हेलिकॉप्टरने हिमनदीवर उतरता येते, पण त्याला माणशी काही शे डॉलर पडतात. एवढे नको असतील तर बसने मेंडनहॉल हिमनदीकडे जावे, आणि तेथून मैलभर सपाट पायवाटेने नगेट धबधब्यापर्यंत चालावे.

स्कॅग्वेला आगगाडी आहे. १९०० साली पुरी झालेली, तीन फुटी रुळांची. वीस मैलांत जवळजवळ तीन हजार फूट चढते. आपल्या माथेरानच्या गाडीचे रूळ तर दोनच फुटी, त्यामुळे नवलाई कमी वाटेल. पण हिची कथा मुलांना जरूर सांगावी. १८९७-९८ साली सोन्याच्या आशेने हजारो माणसे या खिंडींवर लोटली. वर्षभराचे अन्न बरोबर असल्याशिवाय कॅनडाचे पोलीस पुढे सोडीत ना. म्हणजे सामानसुमान मिळून माणशी सुमारे एक टन. तेवढे ओझे पाठीवर थोडे थोडे करून बर्फातून वर न्यायचे, पुन्हा खाली यायचे, पुन्हा न्यायचे. बहुतेकांना सोने मिळाले नाही. दप्तराच्या ओझ्याची तक्रार करणाऱ्या वयाला ही हकीकत फार आवडते.

केचिकन हे पावसाचे गाव, वर्षाला सुमारे दीडशे इंच. आपल्याला त्याचे भय नको. तेथील आदिवासींचे कोरीव टोटेम खांब पाहावेत. आणि ऑगस्टमध्ये गेलात तर ओढ्यातून उलट्या पाण्याने चढणारे साल्मन मासे.

लहान बोटींचाही एक प्रकार आहे. साठ-ऐंशी प्रवासी, घसरगुंडी नाही, नाटके नाहीत. सकाळी कायाक नावाच्या होडक्यातून स्वतः वल्हवत खाडीत जायचे, काठावर अस्वल दिसले तर दुरून पाहायचे. भाडे मोठ्या बोटीच्या कितीतरी पट. ज्या घरात पोहणारी, ट्रेकला जाणारी मुले आहेत आणि पैशाची ओढ नाही, त्यांनी दुसरा विचारच करू नये. उलट ज्यांना साहस हवे पण पैसे नाहीत त्यांच्यासाठी सरकारी फेरीबोट आहे. ती १९६३ पासून चालते. सिअ‍ॅटलच्या उत्तरेला बेलिंगहॅमहून सुटते, आणि तिच्या डेकवर लोक चक्क तंबू चिकटपट्टीने चिकटवून झोपतात. कोकणबोटीच्या डेकवर वळकटी पसरून गेलेले आजोबा ज्यांच्या घरात असतील, त्यांना हा प्रकार समजावून सांगावा लागणार नाही. हिमनदीसमोर मात्र ती थांबत नाही.

एका गोष्टीची तयारी ठेवा. मुले विचारतील, "बर्फ वितळतोय, आणि आपण एवढी मोठी बोट घेऊन तो पाहायला आलो?" उडवून लावू नका. म्यूर हिमनदीची १९४१ आणि २००४ सालची, एकाच जागेवरून काढलेली दोन छायाचित्रे प्रसिद्ध आहेत; पहिल्यात बर्फ, दुसऱ्यात पाणी आणि हिरवा डोंगर. ती मुलांना आधीच दाखवा. तीस-बत्तीस हजार वस्तीच्या जूनोनेही गर्दीला कंटाळून २०२४ पासून दिवसाला पाचच मोठ्या बोटींची मर्यादा घातली, हेही सांगा. तुम्ही काय उत्तर द्याल ते मी सांगणार नाही. पण सतरा वर्षांची मुलगी घर सोडण्यापूर्वी आईबापांशी डेकवर उभी राहून असा वाद घालीत असेल, तर भगिनी, सहलीचे पैसे तेथेच वसूल झाले समजा.

शाकाहारी जेवण आगाऊ कळवले तर मिळते. गोव्याकडचे पुष्कळ तरुण अशा बोटींवर नोकरीला असतात. टेबलाशी आलेल्या माणसाशी दोन शब्द कोकणीत बोलून पाहा, एखादवेळी वरणभातही पुढे येईल. सेवेचा आकार माणशी दररोज वेगळा लागतो, तो अंदाजपत्रकात आधीच धरावा. छत्री नेऊ नका, वाऱ्यापुढे टिकत नाही. टोपीचा पावसाळी कोट आणि एकावर एक घालण्याजोगे लोकरीचे कपडे न्या. दुर्बीण मात्र प्रत्येकाला एक हवी. चौघांत एकच नेलीत, तर देवमासा वर येईल तेव्हा ती नेमकी यजमानांच्या गळ्यात असेल.