वडीलधाऱ्यांची पंगत

गुजरातमधील मेहसाणा जिल्ह्यात चांदणकी नावाचे एक लहानसे गाव आहे. तेथील बहुतेक तरुण मंडळी पोटापाण्यासाठी शहरांत आणि परदेशांत जाऊन स्थायिक झाली, आणि मागे राहिले ते प्रामुख्याने वृद्ध आईबाप. घरे प्रशस्त, परंतु एकेका घरात माणसे एक नाहीतर दोन. एवढ्यासाठी चूल पेटवावी, भाजी चिरावी, पोळ्या लाटाव्या आणि मग मुकाट्याने जेवून भांडी घासावी, याचा कंटाळा कोणास येणार नाही? चांदणकीच्या लोकांनी यावर एक तोड काढली. साऱ्या गावाचा स्वयंपाक एके ठिकाणी होऊ लागला. दरमहा ठरावीक रक्कम भरावी आणि दोन्ही वेळा पंगतीस येऊन बसावे, असा तेथे शिरस्ताच पडला. २०२४ साली वर्तमानपत्रांतून ही हकीकत प्रसिद्ध झाली, तेव्हा या गावाचे नाव दूरवर पोचले.

ही हकीकत ऐकून कोणी म्हणेल, की आईबापांना जेवू घालणे हे मुलांचे कर्तव्य. ते इतरांनी का करावे? हा आक्षेप सहजासहजी झटकून टाकण्याजोगा नाही. २००७ साली भारताच्या संसदेने कायदा करून वृद्ध मातापित्यांच्या निर्वाहाची जबाबदारी मुलांवर टाकली, ते योग्यच झाले. परंतु कायद्याने निर्वाहाचे पैसे मिळू शकतात. जेवताना समोर बसणारे माणूस मिळत नाही. शिवाय ज्याचे आईबाप एकटे राहतात तो प्रत्येक मुलगा निर्दय असतो असेही नाही. कोकणातील कित्येक घरांतील मुले मुंबईस नोकरी करतात. ती पैसे पाठवितात, गणपतीला घरी येतात. पण रोज दुपारी आईच्या ताटाशेजारी त्यांना बसता येत नाही. अशा आईने गावातल्या पंगतीत बसून जेवले, तर त्यात मुलाची नाचक्की कसली?

शाळेतील मुलांचे उदाहरण पाहण्यासारखे आहे. १९९५ साली केंद्र सरकारने शाळांतील मुलांसाठी आहाराची योजना सुरू केली, आणि २००१ साली सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिला, की मुलांना कोरडे धान्य न देता शिजविलेले अन्नच द्यावे. दुपारच्या सुटीत शाळेच्या पडवीत खिचडीचे ताट घेऊन बसलेल्या मुलाला आईने टाकले, असे कोणीही म्हणत नाही. मग आजोबांच्या ताटाविषयीच लोकांना संकोच का वाटावा?

न्यायालयाच्या त्या आदेशामागचे तत्त्व वृद्धांनाही लागू पडते. २००० साली सुरू झालेल्या अन्नपूर्णा योजनेत पासष्ट वर्षांवरील निराधार वृद्धांना दरमहा १० किलो धान्य विनामूल्य देण्याची तरतूद होती. योजना चांगली; परंतु धान्य म्हणजे जेवण नव्हे. ते निवडावे लागते, दळून आणावे लागते, शिजवावे लागते. हात थरथरतात, डोळ्यांना नीट दिसत नाही, दात पडलेले असतात. वय वाढते तशी जिभेची चव मंदावते आणि तहानही कमी लागते. एकट्यासाठी रांधण्याचा उत्साह मावळला, की सकाळचा चहा आणि रात्रीचे दूधपोहे यांवर दिवस निघू लागतात. घरात अन्नाचा साठा असूनही माणूस हळूहळू खंगत जातो, आणि शेजाऱ्याला त्याचा पत्ताही नसतो.

घरोघरी डबा पोचविणे हा यावरील एक उपाय होय. इंग्लंडमध्ये १९४३ साली, महायुद्ध चालू असतानाच, स्त्रियांच्या एका स्वयंसेवी संघटनेने वृद्धांच्या घरी गरम जेवण नेऊन देण्यास आरंभ केला. जे अंथरुणास खिळले आहेत त्यांना असा डबा हवाच. परंतु ज्यांना काठी टेकीत का होईना, चालता येते, त्यांना दारात डबा ठेवून घरातच बसविणे इष्ट नव्हे. पंगतीस जायचे म्हटले, की माणूस केस विंचरतो, धुतलेला सदरा घालतो, चार पावले चालतो. तेथे आमटीत मीठ कमी पडले अशी तक्रार करावयास मिळते, आणि त्या वयात हे सुखही लहान नव्हे! मुख्य म्हणजे, रोजची जागा एखाद्या दिवशी रिकामी दिसली तर कोणीतरी चौकशीस जाते. दारात ठेवलेल्या डब्याकडून ही विचारपूस कशी होणार?

पुण्यासारख्या शहरांत वृद्धांसाठी विरंगुळा केंद्रे बांधलेली आहेत. तेथे वर्तमानपत्रे वाचली जातात, कॅरमचे डाव रंगतात, भजने होतात. बैठक जमते; पण पंगत बहुधा बसत नाही. जेवणाची वेळ झाली की मंडळी पांगतात, आणि त्यांतली काही जण रिकाम्या घराचे कुलूप उघडतात. वास्तविक त्या वेळीच सोबतीची गरज अधिक असते. पंगतीसाठी ऐपतीप्रमाणे काही रक्कम घ्यावी. अमेरिकेत १९७२ साली साठ वर्षांवरील लोकांच्या सामुदायिक भोजनासाठी कायदा झाला, तेव्हा ज्याला शक्य असेल त्याने स्वखुशीने पैसे द्यावे, अशी सोय ठेवण्यात आली. फुकटाचे ताट उचलताना ज्यांचा हात अडखळतो, असे स्वाभिमानी वृद्ध महाराष्ट्रातही पुष्कळ आहेत.

खेड्यांत यासाठी वेगळी इमारतही नको. तमिळनाडूत शाळकरी मुलांसाठी चाललेल्या भोजन योजनेत १९८३ साली निवृत्तिवेतन मिळणाऱ्या निराधार वृद्धांचा समावेश करण्यात आला. महाराष्ट्रातील गावोगावच्या शाळांतही मोठी पातेली आहेत आणि स्वयंपाक करणाऱ्या बाया आहेत. सकाळी तांदूळ मोजताना दहापंधरा माणसांचे तांदूळ अधिक मोजावे लागतील, आणि त्यांच्यापुरता भात थोडा मऊ शिजवावा लागेल.