नकाशात आपली वस्ती कुठे आहे?

सौदी अरेबियाच्या 'द लाइन' या शहराचे व्हिडिओ जतच्या पोरांच्या मोबाईलपर्यंत कधीच पोहोचले आहेत. वाळवंटात १७० किलोमीटर लांब, ५०० मीटर उंच अशा आरशाच्या दोन भिंती, मध्ये २०० मीटरची पट्टी आणि तिच्यात ९० लाख माणसे. रस्ते नाहीत, गाड्या नाहीत. बघणारा हरखून जातो.

आम्ही या स्वप्नाची टिंगल करणार नाही. ज्यांच्या आज्या-पणज्यांना वेशीबाहेर राहावे लागले, त्यांना नव्या शहराची ओढ वाटणारच. बाबासाहेबांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत खेड्याचे गोडवे गाणाऱ्यांना सुनावले, त्यामागे हाच अनुभव होता. गावही आपोआप वाढलेले नाही. पाणवठा कुणाचा, वेस कुठे, मेलेले जनावर कोण ओढणार, हे सगळे ठरलेले होते. कागदावर न काढलेला तो पक्का आराखडाच होता. म्हणून भविष्याचे कोणतेही शहर समोर आले की आम्ही आधी एकच विचारतो : इथे झाडू कोण मारणार आणि तो रात्री कुठे झोपणार?

ल कॉर्बुझिए या वास्तुविशारदाने १९२५ मध्ये पॅरिसचा मधला भाग पाडून तिथे साठ-साठ मजली अठरा टॉवर उभारायची योजना मांडली. पॅरिसने ती स्वीकारली नाही. पुढे नेहरूंच्या भारताने त्याला चंदीगडसाठी बोलावले. तिथे सरकारी नोकरांच्या घरांचे पगार व हुद्द्याप्रमाणे तेरा प्रकार ठरले. सगळ्यांत स्वस्त घरातही नळ आणि संडास होता, हे मान्य केलेच पाहिजे. त्या काळात ती लहान गोष्ट नव्हती. पण उतरंड मोडली नाही, ती सेक्टरमध्ये नीट मांडली गेली. आणि ज्यांनी डोक्यावर घमेली वाहून हे शहर उभे केले ते मजूर तात्पुरत्या छावण्यांत राहिले.

आपल्याकडचे उदाहरण नवी मुंबईचे. चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी १९६०च्या दशकात खाडीपलीकडच्या शहराची कल्पना मांडली, १९७० मध्ये सिडको स्थापन झाली. त्यासाठी ९५ गावांच्या जमिनी घेतल्या. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली शेतकरी रस्त्यावर उतरले, गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले. त्या लढ्यामुळे साडेबारा टक्के विकसित भूखंडाचे तत्त्व मिळाले. लढा मोठाच. पण ते तत्त्व संपादित जमिनीवर मोजले जाते. ज्याच्या नावावर जमीनच नव्हती त्याने साडेबारा टक्के कशाचे मागायचे?

त्याच कोरियांनी १९८० च्या दशकात बेलापूरला साधारण ५५० कुटुंबांची वसाहत केली. सात-सात घरांना एक अंगण, कुणाची भिंत कुणाला चिकटलेली नाही, म्हणजे पैसा येईल तसे घर वाढवता येते. लहान आणि मोठ्या भूखंडांत फरक थोडाच, ४५ ते ७५ चौरस मीटर. उंच टॉवरपेक्षा आम्हाला हे स्वप्न जास्त धाडसी वाटते. मात्र अंगण सामाईक केले म्हणून शेजार मिळतोच असे नाही. आडनाव ऐकून भाड्याची खोली नाकारणारा घरमालक कोणत्याही नकाशात दिसत नाही.

आपल्या चळवळीकडेही शहराची स्वप्ने आहेत आणि ती जुनी आहेत. संत रविदासांनी बेगमपुराची, म्हणजे दुःख नसलेल्या नगरीची कल्पना केली. याच सांगली जिल्ह्यातल्या कासेगावात राहून गेल ऑम्व्हेट यांनी तिच्यावर पुस्तक लिहिले. बाबासाहेब तर कल्पनेवर थांबलेच नाहीत. १९४७ च्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये त्यांनी अनुसूचित जातींच्या स्वतंत्र वसाहतींसाठी वसाहत आयोग मागितला, पडीक सरकारी जमीन मागितली आणि वर्षाला किमान पाच कोटी रुपयांची तरतूदही मागितली. काचेच्या टॉवरचे चित्र त्यात नाही. जमीन, पैसा आणि अधिकार असलेली यंत्रणा आहे. वास्तुशास्त्राच्या वर्गात हा मसुदा शिकवला पाहिजे, असे आमचे मत आहे.

आता जतकडे या. डिसेंबर २०२० मध्ये राज्य सरकारने वस्त्यांची जातिवाचक नावे बदलून समतानगर, भीमनगर अशी नावे देण्याचे ठरवले. पाटी बदलली, जागा तीच राहिली. रमाई आवासचे घरकुल २६९ चौरस फुटांचे, तेही पायाखालची जागा नावावर असेल तर. आणि दुष्काळी तालुक्यातून कोयता घेऊन बाहेर पडणाऱ्यांचे निम्मे वर्षाचे शहर म्हणजे कारखान्याजवळच्या कोप्या. नव्या शहरांची चित्रे काढणाऱ्या किती जणांनी कोपीचे चित्र काढून पाहिले?

नगररचना अधिनियम १९६६ चा आहे. विकास आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध झाला की ठरावीक मुदतीत कोणीही हरकत घेऊ शकतो, वकील लागत नाही. आपल्या वस्तीवर कसले आरक्षण पडले, रस्ता किती मीटरचा दाखवला, कचरा डेपो कुणाच्या शेजारी टाकला, समाजमंदिर आणि अभ्यासिकेची जागा दाखवली का, हे त्या नकाशात दिसते. व्यापारी आणि प्लॉटवाले तो नकाशा पहिल्याच दिवशी बघून येतात. आपण जयंतीच्या वर्गणीसाठी घरोघर फिरतो, तशाच दोन पोरांनी नगरपरिषदेत जाऊन नकाशाची प्रत आणावी, वस्तीत भिंतीवर लावावी आणि आपले घर कुठल्या रंगात आहे ते प्रत्येकाला बोट ठेवून दाखवावे.