तीन महिने लपवा, पण आशाताईपासून नको

पहिलटकरणीला आपल्या घरात पहिला सल्ला मिळतो तो औषधाचा नसतो, खाण्यापिण्याचाही नसतो. "तीन महिने कुणाला सांगू नकोस" हा तो सल्ला. नेरळ, कर्जतपासून खोपोलीपर्यंत कोणत्याही मोहल्ल्यात जा. अम्मी, सासू, खाला, मोठी जाऊ, सगळ्या हेच सांगतात. नजर लागते, हे कारण.

या सल्ल्याची मला चेष्टा करायची नाही. गर्भ पडण्याची शक्यता पहिल्या तीन महिन्यांतच सगळ्यात जास्त असते. आपल्या नानी-दादींनी ते अनुभवाने ओळखलं होतं. गावभर बातमी झाली आणि नंतर गर्भ पडला, तर त्या मुलीला दारोदार उत्तरं द्यावी लागतात. त्यातून तिला वाचवण्याची माया या सल्ल्यात आहे. माझा आक्षेप वेगळा आहे. शेजारणीपासून लपवता लपवता आपण आशाताईपासून लपवतो, परिचारिकेपासून लपवतो आणि डॉक्टरकडेही चौथ्या-पाचव्या महिन्यात जातो. म्हणजे ज्या बारा आठवड्यांत तपासणीचा सगळ्यात जास्त उपयोग असतो, नेमक्या त्याच बारा आठवड्यांत आपली मुलगी सरकारदरबारी गरोदरच नसते.

या बारा आठवड्यांत असं काय असतं, ते नीट समजून घेऊ.

बाळाचा मेंदू आणि पाठीचा कणा एका बारीक नळीपासून तयार होतो. ही नळी गर्भ राहिल्यापासून साधारण २८ दिवसांत बंद होते. म्हणजे पाळी चुकल्यावर जेमतेम दोन आठवडे जातात, तोवर हे काम उरकलेलं असतं. ती नीट बंद व्हावी म्हणून फॉलिक ॲसिड लागतं, रोज ४०० मायक्रोग्राम. ही गोळी गर्भ राहण्याच्या निदान महिनाभर आधीपासून आणि नंतर बारा आठवडे घ्यायची असते. गोळी स्वस्त आहे, सरकारी दवाखान्यात ती मोफत मिळते. आपण निकाहच्या खरेदीची यादी चार महिने आधी करतो. मूल लवकर हवं असेल तर त्या यादीत ही गोळीही लिहा. चौथ्या महिन्यात पेढे वाटल्यावर सुरू केलेली गोळी या कामाला उशिराच पोहोचते. आधी घेतली नसेल तर घाबरून जायचं कारण नाही, पण कळलं त्या दिवसापासून सुरू करायची.

पहिल्या तपासणीत वजन आणि रक्तदाब बघतात, लघवी तपासतात. रक्ताचं प्रमाण, रक्तगट, साखर, एचआयव्ही, गुप्तरोग, कावीळ ब यांच्या चाचण्या होतात. धनुर्वाताच्या लसीचा पहिला डोस देतात, चार आठवड्यांनी दुसरा. रक्तगट निगेटिव्ह असेल आणि नवऱ्याचा पॉझिटिव्ह, तर पुढे एका इंजेक्शनची गरज पडते. ते आधी माहीत असेल तर व्यवस्था होते, ऐनवेळी कळलं तर धावाधाव.

रक्ताबद्दल जरा जास्त बोललं पाहिजे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत देशातल्या ५२.२ टक्के गरोदर स्त्रियांना रक्तक्षय आढळला. गरोदरपणात हिमोग्लोबिन ११ च्या खाली गेलं की रक्तक्षय, ७ च्या खाली गेलं की तो गंभीर. "बायकांना थोडी कमजोरी असतेच" असं म्हणून आपण ते सोडून देतो. पण बाळंतपणात रक्तस्राव झाला, तर आधीच रक्त कमी असलेल्या बाईच्या हातात वेळ फार थोडा असतो. रक्त नवव्या महिन्यात एका रात्रीत वाढत नाही. त्याची सुरुवात पहिल्या तपासणीतच करावी लागते. चौथ्या महिन्यापासून लोहाची गोळी रोज, निदान १८० दिवस, आणि बाळंतपणानंतर पुन्हा १८० दिवस, असा सरकारी कार्यक्रमाचा नियम आहे. गोळीने शौचाला काळं होतं, कधी मळमळतं. ते साहजिक आहे, गोळी बंद करायचं कारण नाही. चहासोबत मात्र घेऊ नका. चहा लोह अंगी लागू देत नाही. लिंबूपाणी लागू देतं. कॅल्शियमची गोळीही त्याच वेळी नको, दोन्हींमध्ये काही तास जाऊ द्या. आणि माती, खडू खावासा वाटत असेल तर "डोहाळे" म्हणून हसू नका. ते बरेचदा रक्त कमी असल्याचं लक्षण असतं.

आपल्या समाजाने उघडपणे बोलायला हवी अशी आणखी एक चाचणी आहे, थॅलेसेमियाची. चुलत, मामे, मावस भावंडांत लग्नं आपल्याकडे होतात. मजहबने ती हराम ठरवलेली नाहीत, आणि अशा जोडप्यांना बोल लावणं मला पटत नाही. पण जवळच्या नात्यात एकच दोष दोघांकडे असण्याची शक्यता वाढते. नवरा-बायको दोघंही थॅलेसेमियाचे वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला गंभीर आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते. अशा मुलाला आयुष्यभर रक्त चढवावं लागतं. वाहक स्वतः ठणठणीत असतो, त्यामुळे रक्त तपासल्याशिवाय हे कळत नाही. ही तपासणी लग्नाआधी झाली तर उत्तम. नाही झाली तर गरोदरपणाच्या सुरुवातीला तरी व्हावी, कारण पुढच्या तपासण्या आणि निर्णय यांना तेव्हाच वेळ असतो. चौथा महिना उलटल्यावर तो वेळ झपाट्याने कमी होतो.

आता खाण्याकडे येऊ. "दोघांचं खा" म्हणून ताटात भात वाढत राहणं म्हणजे पोषण नव्हे. तांदळाच्या भाकरीसोबत डाळ, अंडं, मासळी, पालेभाजी, एखादं फळ हवं. आपल्या काही ठाम समजुती मात्र तपासून बघायला हव्यात. रक्त वाढावं म्हणून पहिल्या महिन्यापासून कलेजी खाऊ घालतात. कलेजीत लोह भरपूर असतं हे खरं, पण जीवनसत्त्व अ इतकं जास्त असतं की सुरुवातीच्या महिन्यांत ते गर्भाला अपाय करू शकतं. तेव्हा ती टाळलेली बरी. मासळी चांगलीच, पण मोरी नको. तिच्यात पारा साठतो. मिश्री लावणं म्हणजे तंबाखूच, मग ती दातांना लावली तरी. काही सुरम्यांमध्ये शिसं असतं, म्हणून हे नऊ महिने आणि बाळ अंगावर पीत असेपर्यंत सुरमा बाजूला ठेवा. पावसाळ्यात पाणी उकळूनच प्या. पाण्यातून पसरणारी कावीळ गरोदर बाईच्या जिवावर बेतू शकते. आणि मेडिकलमधून मनाने आणलेली कोणतीही गोळी नको, डोकेदुखीचीसुद्धा.

रोज्याचा प्रश्न दरवर्षी येतो. नवी सून, पहिला रमजान, उलट्या सुरू आणि अजून कुणाला सांगितलेलं नाही. मग रोजा सोडायचा कसा? सोडला तर सगळ्यांना कळेल. म्हणून ती पाण्याचा थेंब न घेता दिवस काढते. ज्या दीनने तिला सवलत दिली आहे, त्याच दीनच्या नावाने ही लाज तिच्यावर येऊन पडते. स्वतःला किंवा बाळाला धोका वाटत असेल तर गरोदर स्त्रीने रोजा सोडावा, याला आपल्या दोन्ही मसलकांची मान्यता आहे. कोकणी मुसलमान बहुतेक शाफई. त्यांच्यात स्वतःच्या तब्येतीसाठी सोडला तर पुढे कजा, फक्त बाळाच्या काळजीने सोडला तर कजासोबत फिद्या. हनफींमध्ये फक्त कजा. धोका आहे की नाही, हे तिने डॉक्टरला विचारून ठरवावं. सासूच्या चेहऱ्याकडे बघून नव्हे. आपल्या इमामांनी रमजानआधीच्या एका जुम्म्याला एवढं स्पष्ट सांगितलं, तर अनेक मुलींचं ओझं उतरेल.

तयारीचा दुसरा भाग कागदांचा. प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत पहिल्या बाळासाठी ५,००० रुपये मिळतात. नोंदणी आणि एक तपासणी झाल्यावर ३,०००, बाळाच्या जन्माची नोंद आणि पहिल्या टप्प्याच्या लसी झाल्यावर २,०००. दुसरं अपत्य मुलगी असेल तर ६,०००. अन्नसुरक्षा योजनेतलं रेशनकार्ड, ई-श्रम कार्ड किंवा आठ लाखांच्या आतलं उत्पन्न असे अनेक निकष आहेत. त्यातला एक बसला तरी चालतं. आपल्या मुलींचं अडतं ते नावावर. आधारवर अब्बाचं नाव, बँकेत नवऱ्याचं, रेशनकार्डावर तिसरंच. कुठे 'शेख' पुढे, कुठे मागे, कुठे 'बी' जोडलेलं, कुठे गाळलेलं. ही दुरुस्ती एका दिवसात होत नाही. ज्या तीन महिन्यांत घरात बसून राहायचं ठरवलेलं असतं, त्यातच ती करून टाका.

पहिलं बाळंतपण माहेरी करण्याची रीत आहे. मुलगी खालापुरात दिलेली आणि माहेर मुंब्र्याला किंवा भिवंडीला, अशी कितीतरी घरं आहेत. इथे नोंद नाही, तिथे आठव्या महिन्यात अचानक पोहोचलेली; तिथल्या डॉक्टरपुढे मागचं काहीच नसतं. नोंदणी झाली की माता-बाल संरक्षण कार्ड मिळतं. ते कुठेही दाखवता येतं. माहेरी जाताना कपड्यांच्या आधी ते पिशवीत टाका.

आपल्या भागात अंतर हाही आजाराइतकाच मोठा प्रश्न आहे. कर्जतला उपजिल्हा रुग्णालय आहे. कशेळे आणि चौक इथे ग्रामीण रुग्णालयं आहेत. नेरळ, कडाव, कळंब इथे प्राथमिक आरोग्य केंद्रं आहेत. पण गुंतागुंत झाली की पुढे पाठवतात. जिल्हा रुग्णालय अलिबागला, म्हणजे डोंगर आणि खाडीपलीकडे. पनवेल किंवा उल्हासनगर गाठायचं तरी रात्री खोपोलीहून लोकलच्या भरवशावर राहता येत नाही. म्हणून कुठे जायचं, कोणाची गाडी, सोबत कोण, रक्त द्यायला कोण, हे पहिल्या तीन महिन्यांतच ठरवून ठेवा. १०८ नंबर घरातल्या सगळ्यांना पाठ हवा. आणि काही लक्षणं दिसली तर सकाळची वाट बघायची नाही: अंगावरून रक्त जाणं, ओटीपोटात एका बाजूला जोराची कळ येऊन चक्कर, पाणीही न टिकणाऱ्या उलट्या, जोराचा ताप. एका बाजूची कळ आणि चक्कर म्हणजे गर्भ नळीत राहिलेला असू शकतो. तिथे तासांचा हिशोब असतो.

१९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळवाडीवर दरड कोसळली, तेव्हा खालापूर तालुक्यातल्या त्या वाडीला गाडीचा रस्ताच नसल्याचं सगळ्या महाराष्ट्राने पाहिलं. मदतीला गेलेल्यांना डोंगर चढून जावं लागलं. आपल्या तालुक्यांतल्या ठाकूर, कातकरी वाड्यांवरच्या गरोदर बहिणी तसेच डोंगर उतरून दवाखान्यात येतात. आपल्यापैकी बहुतेकींना रिक्षा दारात मिळते. आपल्याला अडवतो तो घराचा उंबरठा.

आणि तो उंबरठा एकट्या मुलीने ओलांडायचा नाही. हे मी भावांनाही सांगते आहे. "बायकांचा मामला" म्हणून तुम्ही बाहेर थांबता, पण दवाखान्यात जायचं की नाही, कधी आणि कुणासोबत, हे बहुतेक घरांत तुमच्याच होकारावर ठरतं. कारखान्यात पाळी असेल तर एक दिवस बदलून घ्या. सरकारी रुग्णालयात दर महिन्याच्या ९ तारखेला गरोदर स्त्रियांची डॉक्टरकडून मोफत तपासणी असते. चौथ्या महिन्यापासून ती तारीख तुमच्या मोबाइलमध्येही असू द्या. २०११ पासून सरकारी रुग्णालयात बाळंतपण, सिझेरियन, औषधं, रक्त, जेवण आणि ने-आण मोफत आहे. कुणी पैसे मागितले तर शांतपणे पावती मागा. आणि अम्मीला "आशाताईला सांगितलंय" हे तुम्हीच सांगा. सुनेने सांगितलं तर तो उद्धटपणा ठरतो, मुलाने सांगितलं तर काळजी.

१८ एप्रिल १९६६ रोजी हमीद दलवाईंसोबत सात मुस्लिम स्त्रिया मुंबईत मोर्चाने गेल्या, तेव्हा प्रश्न तोंडी तलाकचा होता. तलाकवर आपण आजही बोलतो आणि बोलायलाच हवं. पण स्त्रीचा हक्क कोर्टापुरता नसतो. आपल्या शरीरात काय चाललं आहे हे वेळेवर कळण्याचा, त्यावर उपचार घेण्याचा हक्कही तितकाच मोठा आहे, आणि त्यासाठी नवा कायदा लागत नाही.

तेव्हा रीत मोडा असं मी म्हणत नाही. शेजारी, नातेवाईक, व्हॉट्सॲपचा ग्रुप, यांना तीन महिने खुशाल कळू देऊ नका. फक्त तिघांना पहिल्याच आठवड्यात सांगा: नवऱ्याला, आशाताईला आणि डॉक्टरला. तुमच्या वस्तीच्या आशाताईचं नाव आणि नंबर माहीत नसेल, तर हा लेख वाचून झाल्यावर तो मिळवा. घरात नवी सून असेल, बहिणीचा निकाह ठरला असेल, तर तिला तो आजच द्या.