रोह्याची सून आणि राष्ट्रपती भवन

ऑगस्ट १९६९ मध्ये राष्ट्रपतिपदाची जी निवडणूक झाली, ती बहुतेकांना व्ही. व्ही. गिरी आणि नीलम संजीव रेड्डी यांच्या झुंजीमुळे आठवते. तिसरा उमेदवार कोण होता, असे विचारले तर पेण-रोह्याकडचे सुशिक्षितही गप्प बसतात. तो उमेदवार आपल्याच जिल्ह्याचा होता. महाड तालुक्यातल्या नाते गावी जन्मलेले, रोह्यात लहानाचे मोठे झालेले चिंतामणराव देशमुख. त्यांना पहिल्या पसंतीच्या मतांचे मूल्य मिळाले १,१२,७६९ आणि ते तिसऱ्या क्रमांकावर राहिले. निकाल उलटा लागता तर तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्याची एक सून देशाची 'प्रथम महिला' म्हणून राष्ट्रपती भवनात गेली असती. तिचे नाव दुर्गाबाई.

त्या निवडणुकीत चिंतामणरावांच्या पाठीशी स्वतंत्र पक्ष आणि जनसंघ होता. हे लपवण्याचे आम्हाला कारण नाही आणि त्या पराभवाचे दुःखही आम्ही करीत नाही. आम्हाला बोलायचे आहे ते दुर्गाबाईंविषयी.

चळवळीतले आमचे बंधू-भगिनी लगेच विचारतील, ब्राह्मण घरात जन्मलेल्या, गांधीजींच्या मागे गेलेल्या काँग्रेसच्या बाईंशी आंबेडकरी दैनिकाचा काय संबंध? प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर भारतीय संविधानाच्या कलम २५ मध्ये आहे. सार्वजनिक स्वरूपाच्या हिंदू धर्मसंस्था खुल्या करण्याचा कायदा शासनाला करता येईल, असे त्या कलमात म्हटले आहे. मूळ मसुद्यात त्या 'कोणत्याही वर्गाला किंवा विभागाला' खुल्या करण्याची भाषा होती. त्याऐवजी 'सर्व वर्गांना आणि विभागांना' असे शब्द घाला, ही दुरुस्ती घटना समितीत मांडली ती दुर्गाबाईंनी. आज संविधानात तेच शब्द आहेत. कायद्याची कागदपत्रे रोज हाताळणाऱ्यांना 'कोणताही' आणि 'सर्व' यांतला फरक सांगावा लागत नाही. एका वर्गाला दार उघडून दुसऱ्याला बाहेर उभे करण्याची पळवाट त्या एका शब्दाने बुजते. ज्या जिल्ह्यात २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, त्या जिल्ह्यातल्या माणसांना तरी याचे मोल कळायला हवे.

घटना समितीच्या कामकाजात त्यांचे नाव 'श्रीमती जी. दुर्गाबाई' असे आहे. देशमुख हे आडनाव त्यांना नंतर लागले. समितीत महिला होत्या अवघ्या पंधरा, त्यात दलित महिला एकच, दाक्षायणी वेलायुधन. (दाक्षायणींची जयंती आपल्या किती वाड्यांत होते, हाही प्रश्न आम्ही आमच्याच लोकांना विचारतो.)

दुर्गाबाईंचा जन्म १९०९ चा, आंध्र किनाऱ्यावरचा. आठव्या वर्षी लग्न झाले. समज आल्यावर त्यांनी ते लग्न नाकारले आणि वडील-भावांनी साथ दिली. १९२१ मध्ये गांधीजी काकीनाड्याला आले. देवदासींनी आणि पडद्यातल्या मुस्लिम स्त्रियांनी त्यांना ऐकावे म्हणून बारा वर्षांच्या या मुलीने वेगळी सभा घडवून आणली. १९२३ च्या काकीनाडा काँग्रेसमध्ये ती प्रदर्शनाच्या दारावर स्वयंसेविका होती, आणि तिकीट नाही म्हणून तिने जवाहरलाल नेहरूंना अडवले. ही गोष्ट सगळे सांगतात. तुरुंगातली गोष्ट मात्र फार थोडे सांगतात. मिठाच्या सत्याग्रहापासून १९३३ पर्यंत त्या तीनदा तुरुंगात गेल्या. मदुरेला त्यांना एकांतकोठडीत ठेवले होते. तिथे खुनाच्या आरोपाखाली शिक्षा भोगणाऱ्या बायका त्यांना दिसल्या. अक्षरओळख नाही, वकील नाही, आपल्यावर नेमका आरोप काय आहे याचाही पत्ता नाही. या बायकांची बाजू मांडायची तर कायदा शिकला पाहिजे, असे त्यांनी तिथेच ठरवले. बाहेर आल्यावर मॅट्रिकपासून सुरुवात केली, बनारस आणि आंध्र विद्यापीठ करीत मद्रासला कायद्याची पदवी घेतली आणि तिथेच वकिली सुरू केली. दरम्यान १९३७ मध्ये आंध्र महिला सभा उभी राहिली.

हिंदू कोड बिलाच्या वेळी मुलीला वारसाहक्क मिळावा म्हणून त्या बोलल्या. ते बिल रखडवले गेले आणि सप्टेंबर १९५१ मध्ये बाबासाहेबांनी मंत्रिमंडळ सोडले. त्यांना आपले निवेदन सभागृहात वाचूही दिले गेले नाही. चिंतामणराव त्याच मंत्रिमंडळात अर्थमंत्री होते. पुढे १९५६ मध्ये मुंबईच्या प्रश्नावर त्यांनी राजीनामा दिला आणि महाराष्ट्राने त्यांना डोक्यावर घेतले. ते योग्यच झाले. पण स्त्रीच्या हक्कासाठी दिलेला राजीनामा याच महाराष्ट्राने किती दिवस लक्षात ठेवला, हे आम्हाला बोलायला लावू नका.

२२ जानेवारी १९५३ रोजी दोघांचा नोंदणी विवाह झाला, नेहरू साक्षीदार होते. महाडच्या लढ्यात बाबासाहेबांच्या बाजूने उभे राहिलेले सुरबानाना टिपणीस ज्या कायस्थ प्रभू समाजातले, त्याच समाजातले चिंतामणराव. ते विधुर होते आणि त्यांची पहिली पत्नी इंग्रज होती. आंध्रची परित्यक्ता आणि कोकणातला विधुर, असा हा जातीबाहेरचा, भटजीशिवायचा विवाह होता. त्याच वर्षी केंद्रीय समाजकल्याण मंडळ स्थापन झाले आणि दुर्गाबाई त्याच्या पहिल्या अध्यक्षा झाल्या.

'प्रथम महिला' या पदाला संविधानात एका ओळीचीही जागा नाही. ते पद नवऱ्याच्या निवडणुकीने मिळते आणि त्याच्या मुदतीबरोबर संपते. १९९७ मध्ये के. आर. नारायणन राष्ट्रपती झाले तेव्हा उषा नारायणन त्या जागी आल्या. ब्रह्मदेशात जन्मलेल्या, दिल्लीत समाजकार्य शिकलेल्या. देशाच्या पहिल्या दलित राष्ट्रपतींच्या सहचारिणी म्हणून आपल्या मनात त्यांना मान आहेच. पण २००७ मध्ये प्रतिभाताई पाटील आणि २०२२ मध्ये द्रौपदी मुर्मू स्वतःच राष्ट्रपती झाल्या, तेव्हा त्या बिरुदाचा अर्थच उरला नाही. दुर्गाबाईंना ते मिळाले नाही म्हणून त्यांचे काही अडलेही नाही. अडले ते आमच्या तालुक्यांतल्या बायकांचे, आणि तेही वेगळ्याच कारणाने.

१९५३ मध्ये दुर्गाबाई चीनला जाऊन आल्या. तिथली कौटुंबिक न्यायालये पाहून त्यांनी छगला, गजेंद्रगडकर यांच्यासारख्या न्यायाधीशांशी आणि नेहरूंशी चर्चा केली, भारतातही अशी न्यायालये हवीत हा आग्रह धरला. कायदा झाला १९८४ मध्ये. त्या १९८१ सालीच गेल्या होत्या. या कायद्याप्रमाणे पक्षकाराला वकील देण्याचा हक्क आपोआप मिळत नाही, म्हणजे एका वकील बाईने वकिलांचीच गरज कमी करणाऱ्या न्यायालयाचा आग्रह धरला होता. आमच्या काही व्यवसायबंधूंना हे आजही रुचत नाही. आम्हाला रुचते.

पण कायद्याचे कलम ३ पाहा. दहा लाखांवर लोकवस्तीच्या शहरासाठी असे न्यायालय स्थापन करणे राज्य शासनाला भाग आहे. बाकीच्या भागांत शासनाला 'आवश्यक वाटल्यास'. पेण-रोह्यात दहा लाखांचे शहर नाही. मग पेणच्या गणपती कारखान्यात रंगकाम करणारी बाई काय करते? पोटगीसाठी न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे, घटस्फोटासाठी दिवाणी न्यायालयात आणि मुलाच्या ताब्यासाठी अलिबागला जिल्हा न्यायालयात जाते. दर तारखेला एक दिवसाची मजुरी बुडते, एसटीचे भाडे वेगळे. कातकरी बाईचे तर विचारूच नका. दिवाळीनंतर कुटुंब वीटभट्टीवर जाते, ती तारखेला हजर राहू शकत नाही आणि अर्ज गैरहजेरीत निकाली निघतो. पावसाळ्यात परत आली की नव्याने अर्ज. आमच्या बौद्ध भगिनीची आणखी एक व्यथा. तिचे लग्न त्रिशरण-पंचशील घेऊन लागते आणि ते मोडायचे तर अर्ज हिंदू विवाह कायद्याखाली करावा लागतो.

रोह्यात चिंतामणरावांच्या नावाचे महाविद्यालय आहे, चांगले आहे. दुर्गाबाईंसाठी आम्ही पुतळा मागत नाही. कलम ३ मधले 'आवश्यक वाटल्यास' हे शब्द वापरून शासनाने रायगडच्या दक्षिणेकडील तालुक्यांसाठी कौटुंबिक न्यायालय द्यावे आणि त्याने आळीपाळीने पेणला नि रोह्याला बसावे, एवढीच मागणी आहे. पेण आणि रोह्याच्या वकील संघांनी ठराव करावेत, आपल्या महिला मंडळांनी सह्या गोळा कराव्यात. १५ जुलैला दुर्गाबाईंची जयंती असते. त्या दिवसांत वीटभट्ट्या बंद असतात, कातकरी बाया गावात असतात. त्यांच्या सह्या, नाहीतर अंगठे, तेव्हाच मिळतील.