बाळाचं वजन आणि भाभीचं ताट

गेल्या महिन्यात मला पुतणी झाली. वजन २.४ किलो. अडीचपेक्षा कमी आहे, जपा, असं डॉक्टर म्हणाल्या. दादी म्हणाली, "आपल्यात पोरं अशीच होतात." हे 'अशीच' मला खटकलं. आऊटपुट चुकलं की इनपुट तपासायचं, ही आमच्या धंद्याची सवय.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या मातांचा अभ्यास केला. तिथल्या बाळांचं सरासरी वजन २.७ किलो होतं, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांचं ३.५. पण आपल्या बाळांत कमी पडले होते ते स्नायू आणि पोटातले अवयव. कातडीखालची चरबी त्या मानाने टिकून होती. अशा शरीराला पुढे मधुमेहाचा धोका जास्त. (आपल्या मोहल्ल्यात शुगरची गोळी नसलेलं घर दाखवा.) ज्या आया पालेभाज्या, फळं, दूध वरचेवर घेत, त्यांची बाळं मोठी होती. शेतात राबून, पाणी वाहून थकणाऱ्यांची लहान. म्हणजे घरात नळ आहे की नाही, हेसुद्धा बाळाच्या वजनात येतं.

मग पगार वाढला की बाळं आपोआप मोठी होतील? जपान बघा. १९८० च्या सुमारास तिथे बाळाचं सरासरी वजन ३.२ किलो होतं. २०१० पर्यंत ते ३ किलोवर आलं. देश गरीब झाला नव्हता. तरुण बायका बारीक होत गेल्या, आणि गरोदरपणात वजन फार वाढू देऊ नका असा सल्लाही दिला जात होता. दोन्हींचा त्यात मोठा वाटा.

म्हणून कमाई किती, यापेक्षा ती कोणाच्या ताटात जाते, हे मी महत्त्वाचं मानतो. आणि हे नऊ महिन्यांपुरतं नाही. आईची उंची, तिचं हाडपेर तिच्या लहानपणीच ठरतं. आज आपण बहिणीला, मुलीला काय वाढतो, ते तिच्या बाळाच्या वजनात दिसेल.

आमच्याच घरात अकीक्याच्या बकऱ्यावर चार दिवस खल झाला. भाभीच्या अर्धा लिटर दुधावर नऊ महिन्यांत एकदाही नाही. परवा मी तिला विचारलं, सातव्या-आठव्या महिन्यात दूध घेत होतीस का?

ती हसली. म्हणाली, "उरलं तर."