किनाऱ्याची नोंदवही

समुद्रकिनारा कोणाचा, हा वाद आपल्याकडे हिरीरीने होतो. त्यावर नजर कोणी ठेवावयाची, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. रत्नागिरी जिल्ह्यातील वेळास गावाने त्याचे उत्तर २००२ पासून कृतीने दिले आहे. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेच्या पुढाकाराने तेथील ग्रामस्थ ऑलिव्ह रिडले कासवांच्या विणीच्या हंगामात किनारा पायाखाली घालू लागले. मादीच्या मागावरून घरटे शोधावयाचे, त्यातील शंभराच्या आसपास अंडी कुत्र्या-कोल्ह्यांपासून राखण्यासाठी कुंपणात हलवावयाची आणि त्यांची तारीखवार नोंद ठेवावयाची, असा हा नेम आहे. पुढे पिल्ले निघाली की ती पाहावयास शहरातील मंडळी गर्दी करतात. त्या सोहळ्याचे आम्हांस कौतुकच आहे. तथापि त्यामागील नोंदवहीचे मोल आम्ही अधिक मानतो.

२०२१ साली ओडिशाच्या किनाऱ्यावर क्रमांकपट्टी लावलेली एक मादी २०२५ च्या जानेवारीत गुहागरला अंडी घालताना आढळली. पूर्व व पश्चिम किनाऱ्यांवरील कासवे निराळी, या समजाला त्यामुळे धक्का बसला. तो क्रमांक वाचणारे कोणी त्या वेळी वाळूवर नसते, तर ही गोष्ट कोणास कळलीच नसती.

नोंदीचा दुसरा उपयोग अधिक व्यवहारी आहे. केंद्र सरकारच्या २०१९ च्या किनारा नियमन अधिसूचनेत कासवांच्या विणीच्या जागा सर्वांत संवेदनशील वर्गात मोडतात. परंतु तेथे वीण होते, हे सिद्ध कशाने करावयाचे? जेथे नोंद नाही, तेथे कासव नाही, असे कागदोपत्री ठरण्यास वेळ लागत नाही. आणि एकदा भिंत उभी राहिली, की तक्रार करूनही वाळू परत येत नाही.

म्हणून सरकारने स्वयंसेवकांच्या नोंदी तपासून घ्याव्या, पुरावा म्हणून स्वीकाराव्या आणि सर्वांस पाहावयास खुल्या ठेवाव्या, अशी आमची मागणी आहे. वाचकांकडेही एक मागणे आहे. गिरगाव, दादर वा जुहू येथील किनाऱ्याचा एक तुकडा आपला मानावा, आठवड्यातून एकदा तेथे फिरावे आणि डांबराचे गोळे, मेलेले पक्षी, वाहून आलेले जलचर, जे दिसेल ते तारखेनिशी लिहून ठेवावे. एका दिवसाच्या स्वच्छता मोहिमेहून हे काम कंटाळवाणे आहे खरे; परंतु जे खेडेगावाला साधले, ते सुशिक्षित म्हणविणाऱ्या शहराला साधू नये, हे आम्हांस पटत नाही.