धुळीतले न दिसणारे विष



मळणीच्या दिवसांत बऱ्याच घरांतून एक तक्रार ऐकू येते. दिवसभर यंत्रापाशी काम झाले, की संध्याकाळी अंग कसकसते, छाती आवळते, कोरडा खोकला येतो. एक-दोन दिवसांत बरे वाटते. आपण म्हणतो, थंडी बाधली.

पुण्यात गुलटेकडीच्या भुसार बाजारात एका हमालाने मला नेमके सांगितले, "साहेब, कोरड्या मालाचं काही नाही. भिजून वाळलेलं पोतं झटकलं, की त्या रात्री ताप ठरलेला."

त्याचे निरीक्षण शास्त्राला धरून आहे. ओल लागलेल्या धान्यावर, कडब्यावर, कापसावर जिवाणू वाढतात. त्यांतल्या काहींच्या बाहेरच्या आवरणात एंडोटॉक्सिन नावाचे विष असते. माल उन्हात वाळवला, जिवाणू मेले, तरी हे विष उरते आणि धुळीबरोबर छातीत जाते. मग चार-आठ तासांनी ताप चढतो. हा ताप एकाचा दुसऱ्याला लागत नाही. पण वर्षानुवर्षे अशी धूळ पोटात-छातीत गेली, तर दम कायमचा जडू शकतो. सूतगिरणीतल्या कामगारांची छाती सुटीनंतर सोमवारी आवळते, त्यामागेही हे विष असल्याचे मानतात.

हे विष मोजता येते. कामगाराच्या कमरेला छोटा पंप बांधतात, नाकाजवळ कॉलरला गाळणी लावतात आणि पाळीभर हवा ओढतात. गाळणीवरची धूळ प्रयोगशाळेत निर्जंतुक, विषमुक्त पाण्यात उतरवून तपासतात. ही तपासणी घोड्याच्या नालेसारख्या दिसणाऱ्या एका समुद्री प्राण्याच्या निळ्या रक्तावर उभी राहिली. जिवाणूंमुळे ते रक्त गोठते, हे फ्रेडरिक बँग यांनी १९५६ साली दाखवले. हा प्राणी आपल्या ओडिशाच्या किनाऱ्यावरही सापडतो. नेदरलँड्सच्या आरोग्य परिषदेने २०१० साली आठ तासांच्या कामासाठी एक घनमीटर हवेत ९० एककांची मर्यादा सुचवली.

आपल्या खळ्यावर पंप येणार नाही. पण चार गोष्टी आपल्या हाती आहेत. धान्य पुरते वाळवूनच पोत्यात भरा. मळणी करताना, उफणताना वारा पाठीशी घ्या. बुरसट वैरण बंद गोठ्यात झटकू नका. लेकरांना तिथून दूर ठेवा. उपरणे जाड धूळ अडवते, बारीक नाही. म्हणून औषधाच्या दुकानात मिळणारा एन-९५ मास्क नाकाला घट्ट बसवा.

ताप आलाच, तर डॉक्टरांना आधी सांगा की आज कोणते काम केले. नाहीतर नुसत्या तापाची इंजेक्शने होतात आणि मूळ कारण खळ्यावरच राहते. खोकला दोन आठवड्यांवर गेला, तर थुंकीही तपासून घ्या. सगळा दोष धुळीवर टाकू नका.

आणि एक ध्यानात असू द्या. ओले पोते बाजारात गेले, की आपल्याला भाव कमी मिळतो, एवढ्यावर भागत नाही. ते पाठीवर घेणाऱ्याला रात्री ताप येतो.